हाली की कलदार? अर्ध्या ग्रॅमचा हिशोब



आज सोयाबीन नाही, हळदही नाही. चांदीच्या जुन्या रुपयाबद्दल लिहितो. पेरणी तोंडावर आली की दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरातलं गाठोडं सुटतं आणि आजीचे रुपये सराफाच्या काट्यावर जातात. बियाणं, डीएपी, पोरांची फी, सगळं एकाच महिन्यात येतं, त्यामुळं त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण आपण काय विकायलो हे तरी आपल्याला माहीत पाहिजे.

आमच्या काकूचे तेवीस नग होते. तिच्या सासूनं दिलेले. रझाकाराच्या काळात हे गाठोडं चुलीच्या बुडाखाली पुरून ठेवलेलं होतं, असं घरात सगळे सांगतात. सराफानं तेवीसही नग एकदम काट्यावर टाकले, २७१ ग्रॅम भरले. म्हणला, "जुना माल हाय, मिसळ लई असते, साठ टक्के चांदी धरू." काकूनं हो-नाही काही न म्हणता गाठोडं बांधून परत आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तुला कागदातलं कळतंय, बघ बरं काय हाय ते."

पहिली गोष्ट, वजन. माझ्याकडं बुरशीनाशकाची पावडर मोजायचा छोटा काटा आहे, एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. एकेक नग ठेवत गेलो. दिसायला सगळे रुपयेच, हातात घेऊन फरक कळत नाही. पण काट्यावर दोन ढीग आपोआप पडले. एक ढीग ११ च्या थोडा पुढं, दुसरा साडेअकराच्या आसपास. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण आपल्या भागाचा शंभर वर्षांचा कारभार ह्या चिमटीत आहे.

हलका तो हाली. पूर्ण नाव हाली सिक्का, निजामाचा रुपया. नवा असताना वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के. जड तो कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला इंग्रजांचा रुपया. वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा, चांदी बारा भागांत अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के. जुनी माणसं सोनं-चांदी 'रुपयाभार' मोजायची ती ह्याच कलदारानं. ऐंशी रुपयेभार म्हणजे एक शेर.

आता शुद्ध चांदी काढा. हालीत ९.१५ ग्रॅम, कलदारात १०.६९. ह्या दोघांचं गुणोत्तर जवळजवळ सहाला सात येतं. आणि सरकारी भावही तोच होता: सहा कलदारला सात हाली. दप्तरात तो शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा लिहिलेला सापडतो. कोणी मनानं ठरवलेला भाव नव्हता हा, चांदीतून निघालेला होता.

हिंगोली मोगलाईत, आणि पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आपण निजामाकडंच राहिलो. म्हणजे नदीच्या अल्याड हाली, पल्याड कलदार. वाशीमच्या बाजाराला बैल घेऊन गेलेल्या माणसाला येताना-जाताना नाणं बदलून घ्यावं लागायचं, आणि बदलणारा आपली बट्टी कापून घ्यायचाच. त्यात हिंगोली म्हणजे छावणीचं गाव. हैदराबाद काँटिंजंटची फौज इथं होती, १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात मिसळून गेली. त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या गाठोड्यात दोन्ही जातीचे रुपये एकत्र सापडतात. काकूच्या गाठोड्यात चौदा हाली, सात कलदार निघाले. रझाकाराच्या दिवसांत बरीच माणसं नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. तिकडं हाली कोण घेणार? आमच्या घरच्यांनी कलदार त्याच विचारानं राखून ठेवले असावेत, हा माझा अंदाज.

वजनानं जात कळली. आता कुठल्या टांकसाळीचा आणि कधीचा, ते नाणंच सांगतं, पण वाचता आलं पाहिजे. हालीवर सगळं फारसी लिपीत. मला ते येत नाही. वसमतला एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. हळद घेऊन गेलो तेव्हा खिशात पाच-सहा नमुने टाकून नेले. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, नाणं डोळ्याजवळ धरलं आणि म्हणले, "आधी चारमिनारच्या दरवाजात बघायचं बेटा. नाव-गाव मागून."

बहुतेक हालीवर चारमिनार आहे हे सगळ्यांना माहीत. पण त्या चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. ते 'मीम' असेल तर नाणं महबूब अली खानाचं, म्हणजे सहाव्या निजामाचं, १९११ च्या आधीचं. 'ऐन' असेल तर उस्मान अली खानाचं, सातव्याचं, १९११ च्या नंतरचं. मीम म्हणजे गाठ मारून खाली सोडलेल्या दोरीसारखं. ऐन म्हणजे विळ्यासारखं, तोंड उघडं. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा, सहज दिसतं. आमच्या चौदांपैकी अकरा ऐनवाले, दोन मीमवाले.

टांकसाळ मागच्या बाजूला. मध्ये 'यक रुपिया' आणि गोलाकार मजकुरात 'जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद'. जर्ब म्हणजे ठोकलं, पाडलं. फरखुंदा बुनियाद ही हैदराबादची पदवी, शुभ पायाचं शहर. औरंगाबादचीही अशीच पदवी होती, खुजिस्ता बुनियाद, आणि तिथंही टांकसाळ होती. त्यामुळं नुसतं 'बुनियाद' वाचून हैदराबाद म्हणायचं नाही, त्याच्या आधीचा शब्द बघायचा.

चौदावा हाली वेगळा. त्यावर चारमिनारच नाही. जाड, कडा वाकड्यातिकड्या, अक्षरं अर्धी कापलेली. हा हातोड्यानं पाडलेला. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून सगळा मजकूर कधीच बसायचा नाही. त्यावर चाचांनी एक आकडा दाखवला, ९२. मी आपला १८९२ समजून चाललो होतो का, तर नाही, कारण चाचांनी त्याआधीच सांगून टाकलं: 'मुहम्मद' ह्या नावाच्या अक्षरांची किंमत धरली की बेरीज ९२ होते. चाळीस, आठ, चाळीस, चार. साल नव्हेच ते. ह्याच नाण्यावर कडेला दोन-तीन बारीक ठोकेही आहेत. सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या खुणा. काही लोक त्याला खोट समजून नाणं बाजूला टाकतात. उलट त्या खुणा म्हणजे हे नाणं बाजारात फिरलेलं, तपासून घेतलेलं.

आता साल. इथं आपल्या मराठवाड्यातला माणूस हमखास फसतो, आणि फसायला कारणही तसंच आहे. आपल्या जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली सन असतो. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, हे तलाठी कार्यालयात चकरा मारलेल्या प्रत्येकाला पाठ. हैदराबादचा जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. त्यामुळं नाण्यावर १३३७ वाचलं की आपण लगेच ५९० मिळवून १९२७ करतो. पण नाण्यावरचं साल फसली नसतं, हिजरी असतं. हिजरी वर्ष चंद्राचं, दहा-अकरा दिवसांनी लहान. त्याला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १३३७ गुणिले ०.९७ म्हणजे १२९७, अधिक ६२२, म्हणजे १९१८-१९. आठ-नऊ वर्षांचा फरक पडला की नाही?

ताळा करायची सोयही नाण्यावरच आहे. मागच्या बाजूला गादीवर बसल्याचं वर्ष दिलेलं असतं, त्याला जुलूस म्हणतात. १३३७ च्या रुपयावर ८ आहे. उस्मान अली १३२९ हिजरीत गादीवर आला. १३२९ मध्ये आठ मिळवा. जुळलं.

आकडे ओळखायला सोपे आहेत, चाचांनी हळदीच्या पावतीच्या मागं लिहून दिले. एक म्हणजे उभी रेघ. दोन म्हणजे रेघेला वर एक दात, तीन म्हणजे दोन दात. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा. नऊ इंग्रजीसारखाच. आणि गोल दिसला की शून्य म्हणू नका, तो पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. ह्या एका गोष्टीवरून १३२५ चं १३२० करणारे लई जण आहेत.

१३३७ ह्या सालावर मी जरा थांबलो, कारण चौदांपैकी चार नग त्याच सालाचे. १९१८-१९. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, चांदी इतकी महागली की रुपया वितळवला तर रुपयापेक्षा जास्त मिळायला लागले. इंग्रज सरकारनं १९१७ च्या शेवटी एक रुपयाची कागदी नोट काढली, पुढच्या वर्षी अडीच रुपयांचीही काढली. निजामाच्या पहिल्या नोटा १९१८ च्याच. अमेरिकेनं त्या साली कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी विकली. इकडं पाऊस नव्हता, आणि वरून इन्फ्लुएंझाची साथ. अशा वर्षात कुणीतरी चार बंदे रुपये मोडले नाहीत, हे मला त्या नाण्याच्या किमतीपेक्षा मोठं वाटतं. कसं जमवलं असेल देव जाणे.

कलदाराची ओळख सोपी, कारण साल इंग्रजीत असतं. फक्त टांकसाळीची खूण शोधावी लागते. एडवर्डचा रुपया, ज्याच्या डोक्यावर मुकुट नाही, त्याच्या मागच्या बाजूला अगदी खाली बारीक 'बी' खोदलेला असेल तर मुंबई. काहीच नसेल तर कलकत्ता. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळात उठावाचा एक ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. काकूकडचे एडवर्डचे दोन १९०७ चे, दोन्हीवर 'बी'. जॉर्जचे दोन, ठिपक्याचे. राणीछाप तीन. त्यात दोन 'एम्प्रेस'वाले, म्हणजे १८७७ नंतरचे, आणि एक १८६२ चा.

१८६२ वर लगेच विश्वास ठेवायचा नाही. इंग्रजांनी १८६२ हेच साल १८७४ पर्यंत रुपयावर तसंच ठेवलं. मुंबई टांकसाळीनं मग खालून ठिपके वाढवत नेऊन वर्ष ओळखायची सोय केली. कंपनीच्या १८४० च्या रुपयाचंही तसंच, ते साल १८६१ पर्यंत चाललं.

आणखी एक सांगून ठेवतो. सहाव्या जॉर्जचा १९४० पासूनचा रुपया असेल तर त्यात चांदी निम्मीच आहे. १९४७ चा तर निव्वळ निकेलचा. सराफ मिसळ म्हणतो ती खरी इथं असते. आमच्याकडं त्यातला एकही नव्हता.

बावीसावा नग खोटा. राणीछाप १८६२ च, पण ८.६ ग्रॅम. कडेला साच्याचा जोड नखाला लागतो आणि फरशीवर टाकला तर खणखणत नाही, थप्प करतो. काकूच्या सासूलाही कुणीतरी गंडवलं होतं म्हणायचं.

तेविसाव्यानं मात्र मला आठवडाभर कामाला लावलं. हा गाठोड्यातला सगळ्यात मोठा, काकूनं देवघरात ठेवलेला, हळदीकुंकवानं लाल झालेला. एका बाजूला उभी बाई, हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, मागं जहाज. काकू म्हणायची देवी. दुसऱ्या बाजूला मधोमध चक्रव्यूहासारखी नक्षी, वर-खाली चिनी अक्षरं आणि बाजूंना अरबी वळणाची. चाचांनी 'सातू' एवढं वाचलं आणि थांबले. "अक्षरं अर्धी ओळखीची, पण जबान आपली नव्हे."

वजन २६.९ ग्रॅम. त्यावरून धागा लागला. हा ब्रिटिश ट्रेड डॉलर. ती बाई ब्रिटानिया, आणि ती भाषा मलय, 'सातू रिंगित' म्हणजे एक डॉलर. हाँगकाँग, सिंगापूर, चीनच्या बंदरांत व्यापारासाठी चालावा म्हणून हे नाणं १८९५ पासून पाडलं, शेवटचं साल १९३५. नवा असताना २६.९५ ग्रॅम, चांदी नव्वद टक्के. आणि पाडलं कुठं? पहिल्यांदा मुंबईत. १८९३ मध्ये सरकारनं लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं, टांकसाळीला काम कमी पडलं, आणि तिकडं पूर्वेला मेक्सिकोचे डॉलर पुरेनात. मग फोर्टातल्या टांकसाळीत परदेशाचं नाणं पडायला लागलं. कलकत्त्यातही थोडे पडले, लंडनमध्येही.

टांकसाळ ओळखायची जागा मजेशीर आहे. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' असेल तर मुंबई. बाईचा डावा पाय आणि ढालीचा बूड ह्यांच्या मध्ये जमिनीवर 'सी' असेल तर कलकत्ता. काहीच नसेल तर लंडन. काकूच्या परवानगीनं कोमट पाण्यात बोटानं कुंकू सोडवलं, घासलं नाही. साल १९११. मोबाईलवर मोठं करून बघितलं तर मधल्या टोकावर 'बी'.

मुंबईत पडलेलं, चीनसाठी नेलेलं किंवा न्यायचं राहिलेलं नाणं आमच्या देवघरात कसं आलं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. ह्या डॉलरच्या नकला बाजारात फार आहेत, त्यामुळं वजन, कडेची रेघ आणि तो 'बी' तिन्ही जुळल्याशिवाय खरा म्हणू नका.

ह्याच डॉलरचा फोटो आमच्या पुतण्यानं कुठल्यातरी ग्रुपवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी फोन. "दोन लाख देतो, आधी नोंदणीचे तीन हजार भरा, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र पाठवतो." पुतण्या भरायच्याच बेतात होता. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क कुणाकडून मागत नाही. विकत घेणारा तुम्हाला पैसे देतो. तो मागायला लागला की फोन ठेवायचा.

मग हिशोब मांडला. चौदा हाली १५५.४ ग्रॅम, शुद्ध चांदी १२७. सात कलदार ८०.५ ग्रॅम, शुद्ध जवळपास ७४. डॉलर शुद्ध २४. एकूण २२५ ग्रॅम. साठ टक्क्यांनी सराफ धरत होता १६३. बासष्ट ग्रॅम चांदीचा फरक, तोही खोटा नग त्यानं वजनात धरलेला असताना. नाण्यांच्या एका जाणकार व्यापाऱ्यालाही दाखवलं. त्याचं म्हणणं, ह्यात दुर्मीळ काही नाही, घासलेल्या नगांना चांदीच्या भावापेक्षा फार वर मिळणार नाही. मला ते पटलं. लाखोंची स्वप्नं दाखवणाऱ्यापेक्षा असं सांगणारा बरा.

काकूनं सात कलदार आणि ऐनवाले सात घासलेले हाली विकले, दुसऱ्या सराफाकडं, हाली वेगळे तोलून आणि कलदार वेगळे तोलून. बियाणं आणि खताची एक फेरी निघाली. १३३७ चे चार तिनं ठेवले. मीमवाले दोन आणि हातोड्याचा एकही राहिला. डॉलर विकायचं मी विचारलंसुद्धा नाही. तिला ती ब्रिटानिया असल्याचं सांगितलं. "असू दे की," म्हणली.

हे सगळं ऐकून गावातला एक जण परवा आला. पांढरीच्या वावरात, जुन्या गढीजवळ, पहिल्या पावसानंतर त्याला एक हाली सापडलेला. घरातलं वारशाचं नाणं आणि मातीत सापडलेलं नाणं ह्यात कायदा फरक करतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवलं आणि त्यावर कुणाचा हक्क निघाला नाही तर, आधी काही ठरलेलं नसेल तेव्हा, तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. सरकारनं ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेतं. वावर भावकीचं आहे, त्यामुळं हा वाटा त्याला उपयोगाचा.

अर्ज मीच लिहून दिला. काय, किती, कुठल्या गटात, कुठल्या तारखेला सापडलं एवढंच. वजन ११.१, कमानीत मीम, हिजरी १३२३, म्हणजे १९०५-०६, टांकसाळ हैदराबाद, असंही खाली लिहिलं. दोन प्रती केल्या, एकीवर पोच घ्यायला सांगितलंय.

तुमच्याकडं असे नग असतील तर फोटो टाकताना दोन्ही बाजू आणि काट्यावरचं वजन टाका, पत्ता आणि फोन नंबर टाकू नका. आणि राख-चिंच लावून चमकवू नका. कमानीतलं अक्षर आधीच अर्धं झिजलेलं असतं.

पावसाचं विचारायलेत बरेच जण. आमच्याकडं अजून ओल पुरेशी नाही, आम्ही थांबलोय.

राम राम.